एकच झूम घ्यायची तर: बेळगाव-निपाणी पट्ट्यासाठी एक आढावा

बेळगावापासून निपाणीपर्यंत क्रॉप सेन्सरचे कॅमेरे आता गावोगाव पोचले आहेत. लग्नाच्या ऑर्डरी घेणारा तरुण, सुट्टीत गडकोट फिरणारे शिक्षक, मंडळाच्या देखाव्यांचे फोटो काढणारा कार्यकर्ता, दैनिकाला तालुक्याहून बातमी धाडणारा वार्ताहर, अशांच्या हातात बहुधा निकॉन डी५६००, कॅनन १५००डी, २००डी किंवा सोनी ए६४०० अशा पातळीचा कॅमेरा असतो. सोबत आलेली किट लेन्स वर्षभरात अपुरी वाटू लागते. मग प्रश्न उभा राहतो: कायम कॅमेऱ्यावर राहील अशी एकच झूम घ्यायची, तर ती कोणती?

या प्रश्नाला सगळ्यांत सहज मिळणारं उत्तर म्हणजे ‘जास्त झूमची घ्या’. १८-२०० घेतली की सगळं आलं, १८-३०० घेतली तर आणखीच बरं. माझं मत याच्या उलट आहे. आपल्या भागात फोटो काढताना अंतर क्वचितच आडवं येतं. बहुतेक वेळा अडतं ते जागेपाशी आणि उजेडापाशी. म्हणून लेन्स निवडताना आधी तिचं रुंद टोक पाहावं, मग छिद्र पाहावं आणि लांब टोकाचा विचार शेवटी करावा. हा क्रम का, आणि त्या क्रमाने बाजारातल्या लेन्स कुठे बसतात, ते पुढे मांडतो.

सेन्सरचं माप आणि खोलीचं माप

फुल फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा. निकॉन, सोनी, फुजी आणि पेंटॅक्सचा क्रॉप सेन्सर साधारण २३.५ बाय १५.६ मिलिमीटरचा, कॅननचा थोडा लहान, २२.३ बाय १४.९ च्या आसपास. त्यामुळे लेन्सवरचा आकडा पहिल्या चौघांवर दीडपट आणि कॅननवर १.६ पट करून वाचायचा. १८ मिमी म्हणजे फुल फ्रेमवरच्या २७ किंवा २९ मिमीचा कोन; ५५ म्हणजे ८२ किंवा ८८ चा.

कोनाचे आकडे ऐकून डोळ्यांपुढे फारसं काही येत नाही. मीटरमध्ये सांगितलं की येतं. समोरच्या भिंतीपासून ३ मीटरवर उभं राहिलं, तर २३.५ मिमी रुंदीच्या सेन्सरवर १८ मिमीला त्या भिंतीचा सुमारे ३.९ मीटर भाग मावतो, १७ मिमीला ४.१ आणि १६ मिमीला ४.४. दोन मिलिमीटरच्या फरकाने अर्धा मीटर मिळतो, म्हणजे कुटुंबाच्या फोटोत ओळीच्या टोकाला आणखी एक माणूस उभा राहू शकतो. लांब टोकाला ५० आणि ५५ मधला फरक एक पाऊल पुढे टाकून भरून काढता येतो. रुंद टोकाला तशी सोय नाही, कारण मागे सरकायला जागाच नसते.

फुल फ्रेमची २४-७० किंवा २४-१०५ क्रॉप कॅमेऱ्यावर घ्यावी की नाही, याचं उत्तरही इथेच मिळतं. ‘पुढे फुल फ्रेम घेणारच आहे’ या हिशेबाने पुष्कळ जण ती घेतात. काच उत्तम असते, बांधणी दणकट असते. पण २४ मिमीला त्याच खोलीत जेमतेम २.९ मीटर मावतात. पुढच्या कॅमेऱ्यासाठी आजच्या कॅमेऱ्याचं रुंद टोक गमावण्यात शहाणपणा नाही. फुल फ्रेम येईल तेव्हा तिची लेन्सही येईल.

जागा: वाडा, वखार, गल्ली, गाभारा

आपल्याकडच्या जागा डोळ्यांपुढून घालून पाहा. निपाणीच्या जुन्या घरांच्या माजघरात मागे सरकायला तीन-चार पावलंच मिळतात. शहापूर-वडगावच्या मागांच्या शेडमध्ये दोन मागांच्या मधून माणूस तिरका होऊन जातो. गणपत गल्लीत सणाच्या आदल्या संध्याकाळी समोरच्या दुकानाचा दर्शनी भाग पुरा घ्यायचा तर पाठ या बाजूच्या दुकानाला टेकते.

निपाणीच्या तंबाखूच्या वखारींचंही तेच. १९८२ साली युगांतर या गटाने निपाणीच्या तंबाखू कामगार बायकांबरोबर ‘तंबाखू चाकिला ऊब आली’ हा माहितीपट केला. दिग्दर्शन दीपा धनराज यांचं, कॅमेरा नवरोज कॉन्ट्रॅक्टर यांचा. कामाची जागा आणि माणसं दाखवायची तर कॅमेऱ्याला त्यांच्या जवळ जावं लागतं, हे अशा कामातून शिकण्यासारखं आहे. लांबून झूम करून टिपलेला चेहरा कुठल्याही गावचा असू शकतो; जवळ जाऊन रुंद कोनात घेतलेल्या चेहऱ्यामागे पोती, चाळण्या, खिडकीतून येणारी धूळभरली तिरीप असं सगळं येतं आणि फोटो निपाणीचा होतो.

देवळांचा प्रश्न आणखी अवघड. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती १२०४ सालची, रट्टांच्या काळातली. तिच्या मंडपाच्या छतात कोरलेलं कमळ टिपायचं तर खाली बसून कॅमेरा वर धरावा लागतो आणि छत काही फार उंच नाही. हलशीच्या भूवराह नरसिंह मंदिरातही आत उजेड बेताचा आणि जागा मोजकी. संरक्षित वास्तूंत तिवई लावायला सहसा परवानगी लागते, म्हणजे फोटो हातात धरूनच काढायचा. इथे १६ किंवा १७ पासून सुरू होणारी लेन्स १८ वालीपेक्षा सरस ठरते, आणि १५ पासून सुरू होणारी त्याहूनही.

उजेड: छिद्राचा हिशेब

बेळगावची वैशाखातली शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक रात्रीची. मारुती गल्ली-रामदेव गल्लीच्या परिसरातून सजीव देखावे सरकत असतात. दिव्यांचे झोत पात्रांवर आणि पुढचा-मागचा जमाव अंधारात. गणेशोत्सवात कपिलेश्वर तलावावरचं विसर्जन रात्र उलटून जाते तरी चालू असतं. लग्नं दिवसाची असली तरी कार्यालयातला उजेड ट्यूबलाइटचाच. थोडक्यात, ज्या फोटोंना लोक जन्मभर जपतात त्यांतले निम्मेअधिक कमी उजेडातले असतात.

किट झूमचं छिद्र सहसा रुंद टोकाला एफ/३.५ आणि लांब टोकाला एफ/५.६ असतं. एफ/२.८ च्या लेन्समधून एफ/५.६ च्या चौपट उजेड येतो. समजा, चित्ररथावरच्या मावळ्याचा फोटो ५० मिमीला, एफ/५.६ ला, आयएसओ ३२०० वर, सेकंदाच्या १/६० शटरने नीट उजळतो. पात्र हललं, तलवार उगारली की १/६० ला ती पुसट येणार. त्याच आयएसओवर एफ/२.८ ला शटर १/२५० वर जातं आणि तलवार थांबते. किंवा शटर तेवढंच ठेवलं तर आयएसओ ८०० वर येतो आणि चेहऱ्याचे रंग स्वच्छ राहतात. एफ/६.३ च्या सुपरझूमशी तुलना केली, तर फरक पाचपटीचा होतो.

इथे स्टॅबिलायझेशनबद्दलचा एक समज दूर करायला हवा. आयएस, व्हीआर, व्हीसी, ओआयएस ही एकाच सोयीची निरनिराळी नावं. ती सोय आपल्या हाताचा कंप सावरते. समोरचा माणूस हलला तर तिचा काही उपयोग नाही. कमल बस्तीतलं दगडी कमळ १/१० ला हातात धरून टिपता येईल ते स्टॅबिलायझेशनमुळे. अक्षता टाकणारे हात टिपायचे तर छिद्रच मोठं हवं. दगडासाठी एक आणि माणसांसाठी दुसरं, एवढं लक्षात ठेवलं की पुष्कळ गोंधळ मिटतो.

पहिला गट: किट लेन्स

छोट्या कॅमेऱ्यांसाठीची पहिली स्थिरचित्र झूम फोगटलँडरची झूमार, ३६-८२ मिमी, १९५९ सालची. तेव्हा ती नवलाची वस्तू होती. क्रॉप सेन्सरसोबत झूम घराघरांत आली ती २००३ मध्ये, कॅनन ३००डी बरोबरच्या ईएफ-एस १८-५५ मुळे. आजच्या १८-५५ त्या पहिल्या लेन्सहून खूप सुधारलेल्या आहेत. वजन दोनशे ग्रॅमच्या आसपास, एफ/८ ला तीक्ष्णपणा चांगला, स्टॅबिलायझेशन बहुतेकांत. राजहंसगडावरून सकाळचं खोरं टिपायला त्यात काही उणं पडत नाही.

मिररलेसच्या किट लेन्स अजून लहान झाल्या: सोनीची १६-५० जेमतेम ११६ ग्रॅमची, निकॉन झेडची १६-५० १३५ ग्रॅमची. या दोन्ही १६ पासून सुरू होतात, म्हणजे जागेचा प्रश्न त्या सोडवतात. उजेडाचा तसाच राहतो. फुजीची २०१२ सालची १८-५५ मात्र एफ/२.८-४ ची आहे. किट म्हणून मिळणारी पण किटपेक्षा एक पायरी वरची अशी ती लेन्स. ती ज्यांच्याकडे आहे त्यांनी घाईने बदलू नये.

किट लेन्स बदलण्याआधी प्रत्येकाने एक गोष्ट करावी. आपल्या वर्षभराच्या आवडत्या फोटोंची माहिती संगणकावर उघडून फोकल लेंग्थ, छिद्र आणि आयएसओ पाहावेत. फोटो १८ मिमीला येऊन अडलेले दिसले तर रुंद टोक हवं आहे; आयएसओ ६४०० ला टेकलेले दिसले तर छिद्र; ५५ ला अडलेले दिसले, तरच लांब टोक. दुकानदाराला विचारण्याआधी हा प्रश्न आपल्याच फोटोंना विचारावा.

दुसरा गट: मधल्या पल्ल्याच्या

या गटात प्रवासाच्या लेन्स येतात. कॅननची २००९ सालची ईएफ-एस १५-८५ ही माझ्या मते डीएसएलआरच्या काळातली या गटातली सर्वांत विचारपूर्वक केलेली लेन्स. फुल फ्रेमच्या हिशेबात २४ ते १३६, वजन ५७५ ग्रॅम. निकॉनची तिच्या जोडीची १६-८५, २००८ ची. नंतर २०१५ मध्ये १६-८० आली, एफ/२.८-४ ची, ४८० ग्रॅम. ही शेवटची जागा आणि उजेड दोन्हींत समतोल साधते, पण नवी घेताना महाग पडत असे. आता वापरलेली शोधणं बरं.

याच गटातल्या १८-१०५, १८-१३५, १८-१४० या लेन्स जास्त खपणाऱ्या. कॅननची १८-१३५ तीन अवतारांत आली. २०१६ च्या नॅनो यूएसएम अवताराचा फोकस चपळ आणि आवाज न करणारा, म्हणून व्हिडिओ करणाऱ्यांना ती सोयीची. निकॉन झेडची १८-१४० ३१५ ग्रॅमची आणि कॅनन आरएफ-एस १८-१५० ३१० ग्रॅमची, म्हणजे पल्ला वाढूनही वजन कमी झालं. तालुक्याच्या वार्ताहराला सकाळी सभा, दुपारी ऊसदराचं आंदोलन, संध्याकाळी शाळेचं स्नेहसंमेलन टिपायचं असतं आणि लेन्स बदलायला सवड नसते. त्याच्यासाठी हा गट योग्य. स्नेहसंमेलनाच्या रंगमंचाला मात्र एफ/५.६ पुरणार नाही, हे धरून चालावं.

सोनीची २०१३ ची १८-१०५ एफ/४ वेगळ्या कारणाने लक्षात ठेवण्यासारखी आहे. झूम करताना तिची लांबी बदलत नाही. त्याचं महत्त्व धुळीच्या भागात येईल.

तिसरा गट: एफ/२.८

माझा कौल या गटाला आहे, म्हणून इथे थोडं थांबतो.

डीएसएलआरसाठीच्या तीन लेन्स आजही विचारात घ्याव्यात. कॅननची ईएफ-एस १७-५५ एफ/२.८ आयएस, २००६ सालची, ६४५ ग्रॅम. फोकस वेगवान, काच फुल फ्रेमच्या व्यावसायिक लेन्सच्या तोडीची. सिग्माची १७-५० एफ/२.८ ओएस, २०१० ची, ५६५ ग्रॅम. कॅननच्या मानाने स्वस्त आणि मधल्या भागात उघड्या छिद्रालाही तीक्ष्ण. टॅमरॉनची १७-५० एफ/२.८, २००६ ची मूळ आणि २००९ ची व्हीसी. दोहोंपैकी जुनी, स्टॅबिलायझेशन नसलेली जास्त तीक्ष्ण, असं वापरणारे पुष्कळ जण सांगतात. तिची मोटर आवाज करते, पण लग्नाच्या वाजंत्रीत तो कुणाला ऐकू येणार नाही.

मिररलेसवर चित्र अजून चांगलं आहे. सिग्माची १८-५० एफ/२.८, २०२१ मध्ये सोनीसाठी आली, पुढच्या वर्षी फुजीसाठी आणि २०२४ मध्ये कॅननच्या आरएफ माउंटसाठी. वजन तीनशे ग्रॅमच्या आत-बाहेर, फिल्टर ५५ मिमीचा. एवढ्या छोट्या लेन्समध्ये सगळ्या पल्ल्यात एफ/२.८ हे दहा वर्षांपूर्वी खरं वाटलं नसतं. तिच्यात स्टॅबिलायझेशन नाही. ए६४०० किंवा कॅनन आर१० सारख्या, बॉडीतही ती सोय नसलेल्या कॅमेऱ्यावर व्हिडिओ करणाऱ्यांनी हे आधी तपासावं. टॅमरॉनची १७-७० एफ/२.८, तीही २०२१ ची, सोनी आणि फुजीसाठी. ५२५ ग्रॅम, स्टॅबिलायझेशन आहे, पावसाळी हवेपासून थोडं संरक्षण आहे, आणि ७० मिमी म्हणजे १०५ चा कोन, व्यक्तिचित्राला अगदी साजेसा. सोनीवर लग्नं करणाऱ्याला एकच लेन्स सुचवायची तर मी हीच सुचवेन. सोनीची स्वतःची १६-५५ जी आणि फुजीची १६-५५ या गुणवत्तेत वरच्या, किमतीतही. फुजीची जुनी १६-५५ ६५५ ग्रॅमची होती. २०२४ मधली दुसरी आवृत्ती ४१० ग्रॅमवर आली.

याच्याही पुढे सिग्माची १८-३५ एफ/१.८, २०१३ ची. एफ/२.८ च्या सुमारे अडीचपट उजेड देणारी, पण ८१० ग्रॅमची आणि ३५ ला थांबणारी. चित्ररथ, गाभारा, नाटकाची तालीम यांसाठी अजोड. दिवसभर गळ्यात वागवायला जड. २०२५ मध्ये सिग्मानेच मिररलेससाठी १७-४० एफ/१.८ आणली. तिने रुंद टोकही वाढवलं आणि वजनही बरंच उतरवलं.

चौथा गट: सुपरझूम

निकॉनची २००५ ची १८-२०० व्हीआर आली तेव्हा पुष्कळांनी बाकीच्या लेन्स घरी ठेवल्या. कॅननची १८-२००, टॅमरॉनची १६-३००, २०१७ ची १८-४०० आणि मिररलेससाठीची २०२१ ची १८-३०० ही पुढची पिढी. नव्या टॅमरॉन १८-३०० ची गुणवत्ता जुन्या सुपरझूमशी तुलनाच नको इतकी सुधारली आहे, हे मान्य करायला हवं. वजन ६२० ग्रॅम.

तरी तीन गोष्टी बदललेल्या नाहीत. लांब टोकाला बहुतेकांचं छिद्र एफ/६.३, म्हणजे दुपार कलली की आयएसओ चढतो. यांतल्या बऱ्याच लेन्स जवळच्या वस्तूवर फोकस केला की प्रत्यक्षात आकड्यापेक्षा कमी मोठं करतात. आणि रुंद टोकाला सरळ रेषा वाकतात. वाड्याचे खांब, देवळाची चौकट यांत ते चटकन दिसतं. सॉफ्टवेअरने रेषा सरळ होतात, पण कडा कापल्या जातात, म्हणजे रुंद टोकच पुन्हा थोडं कमी होतं.

लांब टोकाची खरी गरज आपल्याकडे कुठे लागते? कुस्तीच्या मैदानात, जिथे कडेला बसून मधली पकड टिपायची असते. हिडकल, राकसकोपच्या पाण्यावरच्या पक्ष्यांसाठी. मैदानी खेळांसाठी. यांतल्या पक्ष्यांना ३०० ही पुरत नाही आणि संध्याकाळच्या कुस्तीला एफ/६.३ पुरत नाही. म्हणून लांब टोक वेगळ्या लेन्समध्ये घ्यावं. उन्हातल्या मैदानी खेळांना पुरतील अशा दोन: कॅननची ५५-२५० एसटीएम ३७५ ग्रॅमची आहे, निकॉनची एएफ-पी ७०-३०० ही हलकी आहे. दोन्ही आपापल्या किमतीत उत्तम. गोकाकच्या धबधब्याला तर झूम लागतच नाही. ५२ मीटरवरून कोसळणारी घटप्रभा समोरच्या कड्यावरून १८ मिमीला पुरी येते. तिथे लागतो तो काचेवरचे तुषार पुसायला कोरडा फडका.

धूळ, पाऊस आणि बुरशी

पुणे-मुंबईच्या परीक्षणांत न सापडणारा हा भाग आपल्यासाठी महत्त्वाचा. झूम फिरवताना लेन्सची नळी पुढे सरकते आणि लोहाराच्या भात्यासारखी बाहेरची हवा आत ओढते. तंबाखूची वखार, ऊस गाळपाचं गुऱ्हाळ, पॉवरलूमची शेड, जत्रेचं मैदान, सगळीकडे ही हवा स्वच्छ नसते. तंबाखूची पूड बारीक आणि चिकट. ती समोरच्या काचेमागे जाऊन बसली तर उघडूनच काढावी लागते. कॅनन १७-५५ मध्ये धूळ शिरते ही वापरणाऱ्यांची जुनी तक्रार आहे. समोर साधा यूव्ही फिल्टर कायम लावला की तिथला शिरकाव बराच कमी होतो. सोनी १८-१०५ आणि सिग्मा १८-३५ यांची लांबी झूम करताना बदलत नाही, म्हणून धुळीत त्या जास्त निर्धास्त. आणि अशा जागी लेन्स बदलू नये, हा एकच लेन्स वापरण्याच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा.

गुऱ्हाळात दुसरा प्रश्न वाफेचा. थंडीतल्या पहाटे बाहेरून काहिलीजवळ गेलं की काच धुरकटते. कॅमेरा पिशवीतच ठेवून पिशवी दहा-पंधरा मिनिटं आत राहू द्यावी, मग काढावा.

पावसाचं काय? निपाणीत बेताचा, बेळगावात भरपूर, खानापूर-जांबोटी-चोर्ल्याकडे गेलं की अखंड. आणि आंबोलीत तर वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या घरात. पावसाळ्यात तिकडे नेमाने जाणाऱ्याने पाणी-धूळ रोखणाऱ्या बांधणीची लेन्स पाहावी. पेंटॅक्सच्या डब्ल्यूआर लेन्स यासाठीच केलेल्या. फुजीची १६-८० एफ/४ ही त्याच जातीची. पण लेन्स तशी आणि बॉडी साधी असेल तर उपयोग अर्धाच.

मोठं नुकसान भिजण्याने होत नाही, ते नंतर होतं. हवेतली आर्द्रता साठ-पासष्ट टक्क्यांच्या वर आठवडेच्या आठवडे राहिली की काचेवर बुरशी धरते आणि कोटिंग खाते. चामड्याच्या किंवा कापडी पिशवीत जून ते सप्टेंबर बंद ठेवलेली लेन्स सर्वांत आधी जाते. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र, एवढ्यात काम होतं. काटा ४० ते ५० मध्ये ठेवायचा. जेल ओलं झालं की तापवून पुन्हा वापरायचं. आणि लेन्स वापरत राहायची. उजेडात येणाऱ्या लेन्सला बुरशी सहसा धरत नाही.

बॉडीशी जुळणी आणि वापरलेली लेन्स

निकॉनच्या डी३००० आणि डी५००० मालिकांतल्या कॅमेऱ्यांत फोकसची मोटर नसते. लेन्समध्ये ती असेल तरच ऑटोफोकस चालतो. टॅमरॉन १७-५० च्या निकॉनसाठीच्या सुरुवातीच्या नगांत मोटर नव्हती. स्वस्त मिळाली म्हणून डी५६०० साठी ती घेतली तर प्रत्येक फोटो हाताने फोकस करावा लागेल. उलट, एएफ-पी लेन्स डी९० सारख्या जुन्या बॉडीवर फोकस करत नाहीत. कॅननच्या ईएफ-एस लेन्स आर७, आर१० वर अ‍ॅडॅप्टरने उत्तम चालतात, म्हणून कॅननवाल्याला बॉडी बदलली तरी जुनी १७-५५ टाकावी लागत नाही. निकॉनच्या एफटीझेड अ‍ॅडॅप्टरवर एएफ-एस लेन्सचंही तसंच.

लोक मिररलेसकडे वळत असल्यामुळे डीएसएलआरच्या चांगल्या लेन्स सध्या वापरलेल्या बाजारात येत आहेत, आणि ज्याचं बजेट बेताचं आहे त्याने ही संधी सोडू नये. निपाणीकराला कोल्हापूर हाकेच्या अंतरावर, बेळगावकराला हुबळी आणि पुणे. पुष्कळ माल एकदम पाहायचा तर मुंबईत फोर्टमधला बोरा बाजारचा परिसर. कुठेही घेतली तरी पाहणी तीच. मोबाइलची बॅटरी लावून लेन्समधून आरपार पाहावं. कोळिष्टकासारखे धागे दिसले तर परत द्यावी, कितीही स्वस्त असो. थोडी धूळ चालते. लेन्स उलटी धरून नळी आपोआप घसरते का ते पाहावं. विटांच्या भिंतीचा समोरासमोर, उघड्या छिद्राला फोटो काढून चारही कोपरे तपासावेत. एकच कोपरा पुसट असेल तर आतली काच हललेली आहे. नवी घेताना भारतातली वॉरंटी असलेलं बिल घ्यावं. बिलाशिवाय मिळणारी स्वस्त लेन्स दुरुस्तीच्या वेळी महाग पडते.

मग कोणती?

लग्नं आणि समारंभ करणाऱ्याने एफ/२.८ खाली उतरूच नये. डीएसएलआरवर सिग्मा १७-५० किंवा कॅनन १७-५५, सोनी-फुजीवर टॅमरॉन १७-७०, कॅनन आर मालिकेवर सिग्मा १८-५०. वार्ताहराने मधल्या पल्ल्याची घ्यावी, आणि बॅगेत एक छोटी उजेडाची लेन्स ठेवावी: निकॉनची ३५ मिमी एफ/१.८ किंवा कॅननची ५० मिमी एफ/१.८, दोन्ही दोनशे ग्रॅमच्या आतबाहेर. देवळं, किल्ले आणि वाडे नोंदवणाऱ्याने १५ किंवा १६ पासून सुरू होणारी शोधावी. कॅननची १५-८५, निकॉनची १६-८०, फुजीची १६-८०. घरच्या मुलाबाळांचे आणि सहलींचे फोटो काढणाऱ्याने किट ठेवून त्याच पैशांत ३५ मिमी एफ/१.८ घेतली, तर त्याला नव्या झूमपेक्षा जास्त समाधान मिळेल.

सुपरझूम घेऊच नये असं मी म्हणणार नाही. ज्याला उन्हातला प्रवासच टिपायचा आहे आणि लेन्स बदलायचीच नाही, त्याची ती गरज खरी आहे. पण ‘सगळं एकीतच’ या आशेने घेणाऱ्याला, ज्या रात्री फोटो सर्वांत हवा असतो त्याच रात्री ती लेन्स अपुरी पडते.

या भागातले वाडे पडत आहेत, माग थांबत आहेत, वखारींची कामं बदलत आहेत. त्यांची चित्रं काढायला बाहेरून कुणी येणार नाही. काढायची ती इथल्याच हातांनी, इथल्याच कॅमेऱ्यांनी. म्हणून साध्या क्रॉप सेन्सरवर नीट निवडलेली एक झूम लावून, जवळ जाऊन, मिळेल त्या उजेडात हे काम आत्ताच सुरू करावं. त्याला पुरेल अशी लेन्स आपल्या बजेटात आहे. कोणती, ते आपलेच जुने फोटो आणि आपल्याच खोल्यांची मापं सांगतील.